बॅटरीच्या चिठ्ठीवरचे नियम कोणी लिहिले?

१/
ड्रोन, रिमोटवर धावणारी मोटार किंवा मॉडेल विमान यांची लिथियम बॅटरी विकत घेतली की तिच्यासोबत बारीक अक्षरांतली एक चिठ्ठी येते. ‘चार्ज होत असताना सोडून जाऊ नका’, ‘फुगलेली बॅटरी वापरू नका’, ‘पूर्ण चार्ज करून साठवू नका.’ बहुतेक जण ती न वाचताच फेकून देतात. आजचा धागा या चिठ्ठीचा इतिहास सांगणारा आहे.

२/
इतिहासाच्या अभ्यासात एक साधे सूत्र वापरले जाते. एखाद्या ग्रंथात मनाई आढळली, तर ते कृत्य त्या समाजात घडत असावे किंवा त्याची भीती तरी असावी. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना आगीचे नियम येतात. उन्हाळ्यात भर दुपारी घरात चूल पेटवू नये, घरात पाण्याची भांडी, शिडी, परशू आणि आकडा तयार ठेवावा, विस्तवावर काम करणाऱ्यांनी एका ठिकाणी वस्ती करावी. हे नियम वाचताना गवताच्या छपरांचे आणि दाट वस्तीचे नगर डोळ्यांसमोर उभे राहते.

३/
बॅटरीची चिठ्ठी आपण त्याच नजरेने वाचणार आहोत. तिच्यातल्या बहुतेक ओळींमागे एखादी प्रयोगशाळा, एखादे विमान, एखादा बंद पडलेला कारखाना किंवा एखादे घर आहे. तो प्रसंग कळला की नियम पाठ करावा लागत नाही.

४/
सुरुवात १८१७ सालच्या स्टॉकहोममध्ये होते. योहान आउगुस्ट आर्फवेडसन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत, उटो बेटावरच्या खाणीतून आलेल्या पेटलाइट नावाच्या खनिजाचे पृथक्करण करत होता. घटकांची बेरीज काही केल्या जुळेना. त्या तुटीचा माग काढताना एक नवे मूलद्रव्य हाती लागले. ते दगडात सापडले, म्हणून ‘दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लिथियम हे नाव मिळाले.

५/
लिथियम हा सर्वांत हलका धातू. पाण्यावरही तरंगेल इतका हलका, पण पाण्याशी त्याची लगेच अभिक्रिया होते. त्याचा अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन फार सहज देऊन टाकतो. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवायची असेल, तर याहून योग्य धातू मिळणे कठीण. मात्र इलेक्ट्रॉन देण्याची जी उत्सुकता त्याला उपयुक्त करते, तीच त्याला धोकादायकही करते. पुढचा सगळा इतिहास या एका गुणाला लगाम घालण्याचा आहे.

६/
दीडशे वर्षांनंतर राजकारणाने रसायनशास्त्राला गती दिली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाची निर्यात रोखली गेली आणि किमती काही महिन्यांत कित्येक पटींनी चढल्या. खुद्द तेल कंपन्याही तेलापलीकडच्या ऊर्जेचा विचार करू लागल्या होत्या. एक्सॉन या अमेरिकन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रुजू झाले. तेल विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून पुनःपुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी घडू लागली.

७/
व्हिटिंगहॅम यांची कल्पना अशी होती. टायटॅनियम डायसल्फाइड या पदार्थाची रचना पोथीच्या पानांसारखी थरांची असते. लिथियमचे आयन या पानांमध्ये शिरतात आणि पाने न फाडता पुन्हा बाहेर पडतात. म्हणून बॅटरी परत परत भरता येते. दुसऱ्या बाजूला मात्र शुद्ध लिथियम धातू होता. १९७६ मध्ये या कामाची जगाला ओळख झाली. प्रयोगशाळेत एवढ्या वेळा आगी लागल्या, की अखेर अग्निशमन दलाने लिथियमची आग विझवण्यासाठी लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडूनच वसूल करण्याचा इशारा दिला.

८/
या आगींचे मूळ काय होते? चार्ज करताना लिथियम परत धातूवर जमा होतो, पण सपाट थराने नव्हे. त्याला काटे फुटतात. प्रत्येक चार्जिंगसोबत ते वाढत जातात आणि एके दिवशी मधला पडदा भेदून पलीकडच्या टोकाला टेकतात. बॅटरीच्या पोटात शॉर्टसर्किट होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. हे ‘काटे’ लक्षात ठेवा. ते या धाग्यात पुन्हा येणार आहेत.

९/
हा धडा बाजाराला मात्र पुन्हा गिरवावा लागला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूचीच पुन्हा चार्ज होणारी बॅटरी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विक्रीला आणली. १९८९ मध्ये जपानमध्ये अशा बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइल फोनला आग लागली. बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनीची आर्थिक घडी विस्कटली. चार्ज होणाऱ्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू वापरण्याचा मार्ग बाजारापुरता तरी त्यानंतर बराच काळ बंद झाला.

१०/
दुसरा मार्ग तोवर तयार होत होता. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांत लिथियम बसवून दाखवला. त्यातून सुमारे ४ व्होल्ट मिळू लागले. जपानमधल्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूच्या जागी कार्बनी पदार्थ वापरला. आता दोन्ही बाजूंना थर आले. लिथियम धातूच्या रूपात कुठेच राहिला नाही, फक्त त्याचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे ये-जा करू लागले. म्हणून नाव पडले लिथियम-आयन.

११/
योशिनो यांनी आपली बॅटरी स्फोटकांची चाचणी होते अशा ठिकाणी नेली आणि तिच्यावर लोखंडाचे वजन टाकले. ती चेपली, पण पेटली नाही. शुद्ध लिथियम धातूच्या बॅटरीवर तेच वजन टाकल्यावर जोरदार स्फोट झाला. या चाचणीनंतर लिथियम-आयन बॅटरी घराघरात नेता येईल असा विश्वास वाटू लागला. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत ती आली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

१२/
येथे कथा संपली असती, तर चिठ्ठीची गरजच उरली नसती. धातू बॅटरीतून हद्दपार झाला खरा, पण परत येण्याची वाट उघडी राहिली. फार थंडीत, फार वेगाने किंवा मर्यादेबाहेर चार्ज केले, तर आयनांना कार्बनच्या थरांत शिरायला अवधी मिळत नाही किंवा जागा उरत नाही. ते बाहेरच धातू होऊन बसतात. एक्सॉनच्या प्रयोगशाळेतले काटे आपल्या टेबलावर उगवू लागतात. शून्य अंशाखाली चार्ज करू नये, हा नियम तिथून येतो. हिमालयात ड्रोन घेऊन जाणाऱ्यांनी बॅटरी आधी उबेत आणावी आणि मगच चार्जरला जोडावी.

१३/
दुसरा आकडा ४.२ व्होल्ट. कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांतून साधारण निम्माच लिथियम बाहेर काढणे सुरक्षित असते. त्याहून अधिक काढला की रचना ढासळू लागते, आणि तापल्यावर ती ऑक्सिजन सोडते. आगीला लागणारे इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच पाकिटात सापडतात. म्हणून लिथियमचा चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो आणि सेल ४.२ व्होल्टवर पोहोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत नेतो. ही मर्यादा ओलांडायला काही मिनिटांचे दुर्लक्षही पुरते.

१४/
आता छांदिष्टांच्या जगात येऊ. मॉडेल विमाने उडवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या निकेल-कॅडमियम बॅटरीवर वाढल्या. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधलेली ही बॅटरी मोठी सोशिक होती. थोडा जादा चार्ज ती उष्णतेच्या रूपात पचवत असे. ‘पूर्ण उतरवा, मग भरा’ ही सवय तिच्याच काळातली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेने प्लास्टिकच्या पातळ थरांची लिथियम-आयन बॅटरी विकसित केली. पुढे जड डब्याऐवजी पातळ पाकिटात बसणारी ‘लिपो’ बॅटरी छंदाच्या दुकानांत पोहोचली. साधन बदलले, सवयी मात्र मागेच राहिल्या.

१५/
परिस्थिती बदलल्यावरही रूढी टिकून राहतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. इथे ती रूढी जाळणारी ठरू शकते. निकेलचा चार्जर किंवा चार्जरवरचा निकेलचा पर्याय लिपोला चालत नाही, कारण तो ४.२ व्होल्टवर थांबत नाही. लिपो पूर्ण उतरवणेही घातक. सेलचे व्होल्टेज ३ च्या बरेच खाली गेले की आतले तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगमध्ये ते भलत्याच जागी जमते. अशी मेलेली बॅटरी युक्त्या लढवून जिवंत करण्याचे प्रयोग करू नयेत.

१६/
येथे एक भेद समजून घ्यायला हवा. मोबाइल, लॅपटॉप किंवा चांगल्या स्कूटरच्या बॅटरीत संरक्षणाचे सर्किट असते. मर्यादा ओलांडली की ते प्रवाह तोडते. ड्रोन आणि रेसिंग मोटारींच्या सुट्या लिपो पॅकमध्ये ते बहुधा नसते. क्षणात प्रचंड प्रवाह मिळावा आणि वजन वाढू नये, म्हणून ते गाळलेले असते. फोनमध्ये जे काम सर्किट करते, ते इथे वापरणाऱ्या माणसाने करायचे असते. चिठ्ठी इतकी लांबलचक असण्याचे हे एक कारण आहे.

१७/
मग ते काम कसे करायचे? समजा, पॅकवर ‘३एस, २२०० एमएएच’ असे लिहिले आहे. ३एस म्हणजे तीन सेल एकामागे एक. नाममात्र व्होल्टेज ११.१, पूर्ण भरल्यावर १२.६. चार्जरवर लिपोचा पर्याय निवडा, सेलची संख्या तीन असल्याची खात्री करा आणि प्रवाह २.२ अँपिअर ठेवा. क्षमतेच्या आकड्याइतकाच प्रवाह, यालाच १सी म्हणतात. उत्पादकाने अधिक प्रवाहाची मुभा दिली असली, तरी घाई नसेल तर १सी पुरेसे आहे.

१८/
पॅकला दोन जोडण्या असतात. जाड तारांतून वीज येते-जाते. बारीक तारांची पांढरी जोडणी प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे दाखवते. ती न जोडता चार्ज केले, तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. १२.६ ही बेरीज ४.२ च्या तीन सेलांची असू शकते, तशीच ४.०, ४.२ आणि ४.४ यांचीही. दुसऱ्या पॅकमधला एक सेल धोक्याच्या रेषेपलीकडे गेला आहे आणि बेरजेत तो लपला आहे. म्हणून दर वेळी ‘बॅलन्स’ चार्जिंगच करावे.

१९/
सगळे नियम पाळले तरी आग लागू शकते का? २००६ ने याचे उत्तर दिले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख आणि अ‍ॅपलने १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. त्यांतले सेल सोनीचे होते. उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण आत राहिले होते आणि त्यांमुळे शॉर्टसर्किट होऊ शकत होते. लिथियम-आयन बॅटरी जगात प्रथम विकणाऱ्या कंपनीच्या हातून हे झाले होते. वापरणाऱ्याचा काहीही दोष नसताना दोष बॅटरीच्या पोटात असू शकतो. ‘चार्ज होत असताना सोडून जाऊ नका’ ही ओळ त्यासाठी आहे.

२०/
आत शॉर्टसर्किट झाल्यावर पुढे काय घडते? उष्णतेने आधी कार्बनवरचे संरक्षक आवरण विघटित होऊ लागते. त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पॉलिथिलीनचा पडदा वितळतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. मग ऑक्साइड ऑक्सिजन सोडते आणि ज्वालाग्राही द्रव पेटतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उष्णता पुरवते. म्हणून एका मर्यादेनंतर चार्जर बंद करूनही काही उपयोग होत नाही.

२१/
ही साखळी एका सेलपाशी थांबत नाही, हे जानेवारी २०१३ मध्ये जगाने पाहिले. ७ तारखेला बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानात बॅटरी पेटली. १६ तारखेला ऑल निप्पॉन एअरवेजच्या त्याच जातीच्या विमानाला बॅटरीतील बिघाडामुळे ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. जगभरची सर्व ७८७ विमाने जमिनीवर थांबवली गेली. बोस्टनच्या तपासात आढळले, की आठ सेलांपैकी एकात शॉर्टसर्किट झाले आणि उष्णता शेजारच्या सेलांत पसरत गेली.

२२/
बोइंगने शोधलेला उपाय आपल्या घरासाठीही बोधप्रद आहे. सेलांमध्ये अधिक उष्णतारोधक अंतर आले, बॅटरी पोलादी पेटीत बसवली आणि त्या पेटीतून वायू विमानाबाहेर नेणारी नळी जोडली. आग लागणारच नाही असे गृहीत न धरता, ती लागली तर पसरू नये असा तो विचार होता. घरात याचा अर्थ असा: पॅक एकावर एक रचू नका. फरशीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर चार्ज करा, गादी, सोफा, लाकडी कपाट यांपासून दूर. धातूची पेटी वापरली तर ती हवाबंद नको. वायूला वाट मिळाली नाही, तर पेटीचाच बॉम्ब होईल. पेटीच्या आतून पॅकच्या टोकांना धातू लागणार नाही, हेही पाहा.

२३/
२०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ने आणखी एक धडा दिला. आधी सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा त्याचे उत्पादनच थांबले. जानेवारी २०१७ मध्ये कारणे जाहीर झाली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याला पुरेशी जागा नव्हती आणि तिथे ऋणाग्र वाकले होते. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे राहिले होते. मिलिमीटरच्या अंशाइतकी अडचणही पुरेशी ठरली.

२४/
आता विचार करा: कारखान्यात एका कोपऱ्यावर पडलेला दाब इतका महाग पडत असेल, तर झाडावर आदळलेल्या ड्रोनच्या पॅकचे काय? त्याच्या कडेला पोचा आला, तर तो घरात आणू नका. काही काळ उघड्या, न जळणाऱ्या जागी लक्ष ठेवून ठेवा आणि पुन्हा चार्ज करू नका. फुगलेला पॅक म्हणजे आतले द्रव विघटित होऊन वायू साठला आहे. त्याला टाचणी लावून ‘हवा काढण्याचा’ प्रयत्न कुणीही करू नये. आत शिरणारी हवा आणि ओल, आणि टाचणीने होणारे शॉर्टसर्किट, यांतले एकही पुरे आहे.

२५/
साठवणुकीच्या नियमाची कथा दुबईहून सुरू होते. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान तिथून जर्मनीतल्या कोलोनकडे निघाले. मालात मोठ्या प्रमाणावर लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर काही वेळातच आग लागली. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला, की वैमानिकांना उपकरणे दिसेनात. विमान परत फिरले, पण धावपट्टीपर्यंत पोहोचू शकले नाही. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

२६/
या आणि इतर घटनांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास मनाई केली. मालवाहू विमानांतही त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज नसाव्यात, असे ठरले. कारण सरळ आहे. पेटलेल्या बॅटरीत जितकी ऊर्जा साठलेली, तितकी आग उग्र. बॅटरी जितकी रिकामी, तितकी साखळी सुरू होणे आणि पसरणे अवघड.

२७/
घरच्या पॅकसाठी प्रचलित आकडा प्रत्येक सेलमागे सुमारे ३.८ व्होल्ट, म्हणजे अंदाजे निम्मा चार्ज. साठवणुकीत हळूहळू होणाऱ्या गळतीने पॅक ३ व्होल्टच्या खाली जाऊ नये आणि भरलेल्या अवस्थेत त्याची झीजही होऊ नये, हा त्यातला मध्यममार्ग. बहुतेक चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ हा पर्याय असतो. रविवारी उड्डाण रद्द झाले, तर भरलेले पॅक पुढच्या रविवारपर्यंत तसेच ठेवू नका. संध्याकाळीच त्यांना ३.८ वर आणा. विमानप्रवासात पॅक हातातल्या सामानात, टोके टेपने झाकून न्यावेत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सामान्यतः मुभा असते. मघाचा ३एस पॅक सुमारे २४ वॉट-तासांचा आहे.

२८/
उष्णता ही साठवणुकीची दुसरी शत्रू. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद मोटार आतून किती तापते, हे वेगळे सांगायला नको. पॅक मोटारीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीपाशी ठेवू नयेत. घरातली सर्वांत थंड, कोरडी आणि सावलीची जागा निवडावी. उड्डाणानंतर गरम झालेला पॅक थंड होईपर्यंत चार्जरला लावू नये.

२९/
आता आपल्या घराजवळ. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरला आग लागल्याची चित्रफीत देशभर पसरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादच्या एका हॉटेलच्या इमारतीत खालच्या विजेच्या स्कूटरच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वर चढला आणि आठ जण दगावले. त्याच महिन्यात वसईत, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे मरण पावला.

३०/
वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक यानंतर कडक झाले. सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. एका सेलमध्ये शॉर्टसर्किट झाल्यास आग पसरू नये, ही बोस्टनची शिकवण त्यांतही आहे. या मानकांच्या कामात पुण्याची एआरएआय ही संस्था मध्यवर्ती आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या विजेच्या सायकली आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली.

३१/
या घटनांतून निघणारा नियम चिठ्ठीवर क्वचितच छापलेला असतो. घरातल्या एकमेव दरवाजाच्या वाटेवर बॅटरी चार्ज करू नका आणि माणसे झोपली असताना तर मुळीच नको. चाळीतली एक खोली असो वा दोन खोल्यांचा फ्लॅट, आग लागली तर बाहेर पडायचे कुठून, हे आधी ठरवा आणि मग चार्जरची जागा ठरवा. गॅलरी चालेल, पण ऊन आणि पाऊस नको. जिन्याखाली नको, कारण तो साऱ्या इमारतीचा रस्ता आहे.

३२/
तरीही पॅक धुमसू लागला तर? सहज पोहोचता आले तर वीज बंद करा, माणसांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. तो ओल्या फडक्याने अडवून आत थांबू नका. ‘लिथियम आहे, पाणी टाकू नका’ हा समज शुद्ध लिथियम धातूच्या काळातला आहे. लिथियम-आयन पॅकवर भरपूर पाणी टाकणे उपयोगी ठरते, कारण खरी गरज उष्णता काढून घेण्याची असते. मात्र वीजप्रवाह चालू असताना पाणी टाकू नये. विझल्यासारखा दिसणारा पॅक पुन्हा पेटू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

३३/
सुरक्षित रसायनाचा शोध थांबलेला नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांचा लोह-फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर तो सहजी सुटत नाही. आज अनेक बसगाड्या आणि घरगुती साठवण संच याच रसायनावर चालतात. मात्र त्याच वजनात त्यातून ऊर्जा कमी मिळते. म्हणून उडणाऱ्या यंत्रांत लिपोच टिकून आहे. हलकेपणाच्या मोबदल्यात आपण सावधगिरी देतो आहोत, एवढे भान असावे.

३४/
शेवटची पायरी विल्हेवाटीची. बाद पॅक घंटागाडीत टाकू नका. तिथे तो चेपला जातो आणि कचऱ्यासह, कधी कामगारांसह, पेट घेतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चार्जरच्या साहाय्याने पॅक सावकाश उतरवा, टोकांना टेप लावा आणि तो ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. पॅक फुगलेला किंवा चेपलेला असेल, तर चार्जरला न जोडता, तसे स्पष्ट सांगूनच सोपवा.

३५/
तर, चिठ्ठी कोणी लिहिली? खर्चाचा इशारा देणाऱ्या अग्निशमन दलाने, बुडालेल्या कॅनडियन कंपनीने, बोस्टनच्या विमानतळावरच्या तपासनिसांनी, धुरात उपकरणे न दिसलेल्या दोन वैमानिकांनी आणि वसईतल्या एका कुटुंबाने. त्यांतल्या कुणीही हे काम मागितले नव्हते. अर्थशास्त्रातल्या पाण्याच्या भांड्यांमागची जळालेली घरे आपल्याला आता सापडणार नाहीत. या चिठ्ठीमागची मात्र तारीखवार सापडतात.

३६/
आज रात्री एवढेच करा. घरातले सगळे पॅक बाहेर काढा. फुगलेले वेगळे करा, भरलेले ३.८ वर आणा आणि चार्जर दरवाजाच्या वाटेतून हलवा. अर्ध्या तासाचे काम आहे. चिठ्ठी अजून टाकली नसेल तर तिच्यातली एखादी ओळ खाली लिहा. तिच्यामागची घटना शोधण्याचा प्रयत्न आपण मिळून करू. आणि ज्या मित्राच्या पलंगाखाली चार्जर आहे, त्याच्यापर्यंत हा धागा अवश्य पोहोचवा.